लेव्हिसोनांची पोथी

मोगेन्स लेव्हिसोनने आयुष्यात दोन मंत्री घरी बसवले होते आणि तिसरा जवळजवळ बसवला होता. तिसऱ्याने आयत्या वेळी पक्ष बदलला, तो वाचला आणि मोगेन्सचं पुस्तक पडलं. तेव्हापासून कोपनहेगनच्या पुस्तकांच्या दुकानांत मोगेन्स 'बागकाम' आणि 'मधुमेह' ह्यांच्या मधल्या फळीवर सापडायचा. हे तो स्वतःच सगळ्यांना हसत सांगे. दुसऱ्याने सांगण्याआधी आपणच सांगितलेलं बरं, एवढं शहाणपण त्याला पुढाऱ्यांच्या सहवासात आलं होतं.

त्याचं गाजलेलं पुस्तक मत्स्यमंत्र्यावरचं. प्रेबेन ओव्हरगोर हा मंत्री प्रत्येक निवडणुकीत डोळ्यांत पाणी आणून सांगायचा, की त्रेचाळीस साली जर्मन ज्यूंना पकडायला निघाले तेव्हा माझ्या कोळी बापाने आपल्या होडीतून तीस जणांना स्वीडनला पोचवलं. मोगेन्सने चारशे पानं लिहून सिद्ध केलं, की त्या आठवड्यात बापाची होडी तळ उघडा टाकून दुरुस्तीला पडली होती आणि बाप गालफुगीने घरात पडला होता. मंत्री गेला. जाताना त्याने माफी मागितली, "जर कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर मला खेद आहे." मोगेन्सने दुसऱ्या आवृत्तीत ह्या एका वाक्यावर अख्खं प्रकरण चढवलं. 'जर' म्हणजे काय, 'कुणाच्या' म्हणजे कुणाच्या, 'खेद' ही माफी कशी नव्हे, सगळं सोलून काढलं. लोकांनी ते प्रकरण फार वाखाणलं. एका समारंभात तो मंत्री समोरासमोर आला तेव्हा एवढंच म्हणाला, "लेव्हिसोन, कधी आपल्या घरातल्या पेट्याही उघडून बघत जा."

मोगेन्सला तेव्हा ह्या बोलण्याचं हसू आलं होतं. त्याच्या घरात उघडण्यासारखी एकच पेटी होती आणि ती तर सगळ्यांच्या अभिमानाची होती.

इसाक आजोबांची पेटी. आजोबा शिंपी. त्याच त्रेचाळीसच्या ऑक्टोबरात बायको, नऊ वर्षांची फॅनी आणि तान्हा हेरमान, म्हणजे मोगेन्सचा बाप, एवढ्यांना घेऊन ते उत्तरेच्या एका कोळीवाड्यातून रात्री होडीत बसले. होडी वाजवीपेक्षा जास्त भरलेली. कोळी म्हणाला, सामान फेका. सगळ्यांनी फेकलं. इसाक आजोबांनी मात्र पेटीला मिठी मारली, "हिच्यात तोराची पोथी आहे!" ज्यूंच्या धर्मग्रंथाची, चामड्यावर हाताने लिहिलेली, शिंप्यांच्या छोट्या प्रार्थनाघरातली. मग पोथी स्वीडनला पोचली, तिथल्याच एका प्रार्थनाघराला आजोबांनी ती दिली, आणि रिकामी पेटी घेऊन लढाईनंतर सगळे घरी आले. दर वर्षी ज्यूंच्या नव्या वर्षाच्या जेवणाला सफरचंदाची फोड मधात बुडवली की ही गोष्ट व्हायचीच.

मोगेन्सचा धंद्यातला नियम असा, की एकाच तोंडून आलेली गोष्ट खरी धरायची नाही, दुसरा साक्षीदार हवा. आजोबांच्या बाबतीत मात्र त्याने अर्धाही साक्षीदार शोधला नव्हता. पडलेल्या पुस्तकानंतर प्रकाशिका म्हणाली, "मोगेन्स, मंत्री आता कोणी वाचत नाही. तुमच्या घरच्यांची पळापळ लिही." त्याने भरभर लिहून टाकली. टीव्हीवर जाऊन पोथीची गोष्ट सांगताना त्याचा गळा दाटून आला. तो खरोखरच दाटला होता, आणि कॅमेरा चालू आहे हे त्याच्या लक्षातही होतं. आता फक्त मुखपृष्ठासाठी पेटीचा फोटो बाकी होता. पुस्तक क्षमेच्या उपासानंतर लगेच छापायला जाणार होतं.

तर नवं वर्ष आणि उपास ह्यांच्यामधल्या, माणसांची माफी मागून घ्यायच्या त्या दहा दिवसांत, उपासाच्या आदल्या दिवशी दुपारी, मोगेन्स फॅनी आत्याकडे गेला. आत्या आता नव्वदीची. त्या होडीतलं जिवंत असलेलं एकच माणूस.

"पेटी? कशाला?" आत्याने राय-ब्रेडच्या तुकड्यावर हेरिंग मासा पसरता पसरता विचारलं.

"अगं, मुखपृष्ठ. सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं असशील. तू बोलतोस फार, त्यातलं किती ऐकायचं माणसानं?" मग जरा थांबून म्हणाली, "रिकाम्या पेटीचा फोटो कोण बघणार? त्यापेक्षा आजोबांचा लाव. ते दिसायला बरे होते."

"आत्या, पेटी कुठंय?"

"माळ्यावर. पण तू चढू नकोस. मागच्या वेळी दिवा बदलायला चढलास तर शेजारच्यांना बोलवावं लागलं होतं."

ते खरं होतं. तरी मोगेन्स चढला. अंधारात तपकिरी पेटी हाताला लागली, त्याने ती ओढली आणि तिचं ओझं अंगावर येऊन तो शिडीवरून दोन पायऱ्या बसतच खाली आला. रिकाम्या पेटीच्या मानाने ती भलतीच जड होती. आणि आतून खणखण वाजली.

आत्याने सुरी खाली ठेवली.

मोगेन्सने कड्या काढल्या. आत जुन्या स्वीडिश वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या ताटल्या होत्या. निळ्या काठाच्या. ह्या ताटल्या तो जन्मापासून ओळखत होता. वल्हांडणाच्या आठ दिवसांत घरात खमिराच्या ब्रेडचा कण चालत नाही, म्हणून त्या सणाची भांडी वेगळी असतात. वर्षभर बंद करून ठेवायची, सणाला काढायची. ह्याच ताटल्यांतून त्याने लहानपणी कढत सूप प्यायलं होतं आणि एकीचा टवकाही उडवला होता.

"आत्या, पोथीच्या पेटीत ताटल्या ठेवतेस तू?"

"त्यात ताटल्याच असतात."

"आता असतात गं. पण तेव्हा..."

"तेव्हाही त्याच होत्या." आत्या म्हणाली आणि उठून तिने कॉफी टाकली.

मग तिने सांगितलं. घरात दोन पेट्या, एकाच दुकानातून जोडीने घेतलेल्या. एकीत वल्हांडणाची भांडी, कपाटावर. दुसरीत आजीने बाळाचे लोकरीचे कपडे, दुपटी आणि दुधाचे डबे भरून दाराशी ठेवलेले. पण निघताना कोणीतरी जिन्यात पाय वाजवले, आजोबांची गाळण उडाली, आणि त्यांनी दाराशी ठेवलेली पेटी कपाटावर लपवली. पाय वाजवणारा दूधवाला निघाला. मग अंधारात त्यांनी कपाटावरून हाताला लागली ती पेटी काढली.

"आणि पोथी?"

"पोथी कसली आलीय? कोळी म्हणाला, सामान फेका. बाबांना वाटलं आत हेरमानचं दूध आहे, दुपटी आहेत. पोर रडू नये म्हणून डॉक्टरनं झोपेचे थेंब दिलेले, ते निपचित पडलेलं, अंग गार. आई नुसती त्याला चोळत होती. दूध आहे म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, पलीकडे मिळेल दूध. म्हणून त्यांच्या तोंडून निघून गेलं, पोथी आहे. देवाचं नाव घेतलं की माणसं गप्प बसतात, ठाऊक होतं त्यांना."

"बरं, मग बसली ना गप्प? सगळे पोचले ना?" मोगेन्सने विचारलं. प्रश्नाचं उत्तर नको असेल तर तो कसा विचारावा, हे त्याने मंत्र्यांकडून शिकलेलं होतं.

"किनाऱ्यालाच होडी तरीही खाली बसत होती. कोळी म्हणाला, पेटी नाहीतर एक माणूस. तेव्हा मेंडेल पिंकस उठले. टोपीवाले मेंडेल. त्यांची बायको आणि मुलगी आधीच्या होडीनं गेलेल्या, ते एकटेच होते. म्हणाले, 'मी उतरतो. मी पुढच्या होडीनं येईन.'" आत्याने कपातली कॉफी उगाच ढवळली. "पुढची होडी आलीच नाही रे. पहाटे जर्मन आले. मेंडेल गेले थेरेझिनच्या छावणीत. आणि आम्ही स्वीडनमध्ये पेटी उघडली तर ह्या ताटल्या. आई हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले, ते जेवायलाही उठले नाहीत."

"मेंडेल... परत आले?"

"आले. हाडांचा सापळा होऊन आले. पुढच्या वल्हांडणाला बाबांनी जेवायला बोलावलं त्यांना. मीच सूप वाढत होते. ह्याच ताटल्यांत. मेंडेलनं चमचा उचलला आणि विचारलं, 'काय इसाक, पोथी सुखरूप पोचली ना?' बाबा म्हणाले, 'पोचली.' झालं! त्या दिवसापासून ती पोचलेलीच आहे. दर वर्षी सांगायची, नाहीतर मेंडेल कशासाठी उतरले होते? ताटल्यांसाठी?"

मोगेन्सच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "तशी ही एकाच साक्षीदाराची..."

"एक साक्षीदार काय!" आत्या अशी कडाडली की हेरिंगचा तुकडा बशीतून उडाला. "मी होते त्या होडीत! तुझ्या बापाचे पाय माझ्या मांडीवर होते! त्या ओव्हरगोरच्या मेलेल्या बापाची गालफुगी शोधत तू दोन वर्षं गावोगाव हिंडलास आणि मला एकदा तरी विचारलंस का, आत्या, काय झालं होतं? मी वाट बघत होते. मेल्या, तू विचारलंच नाहीस."

हे मोगेन्सच्या वर्मी लागलं. त्याने खरंच विचारलं नव्हतं. तिच्याकडून फक्त जुने फोटो मागून नेले होते आणि तेही परत केले नव्हते.

"आता काय करू मी? टीव्हीवर सांगून बसलोय."

"टीव्हीचं जाऊ दे चुलीत. मेंडेलची नात आहे, युडिथ, आमागेरला राहते. त्यांच्याच घरात वाढली ती. उद्या उपास. माणसाविरुद्ध केलेलं पाप देव माफ करत नाही, त्या माणसाकडेच जावं लागतं, एवढं तरी आठवतं ना? बाबा गेले नाहीत. मीही गेले नाही. दर वर्षी ठरवते आणि दर वर्षी गुडघे दुखतात." आत्याचे डोळे भरून आले होते. "तू जा बाबा. तुझे गुडघे चांगले आहेत."

मोगेन्स निघाला. बसमध्ये पेटी मांडीवर घेऊन तो स्वतःची समजूत काढत होता, की आपण दुसरा साक्षीदार मिळवायला चाललो आहोत, माफीबिफीचं मग बघू. दोन थांब्यांनंतर त्याला स्वतःचीच लाज वाटली. पुढच्या थांब्याला त्याने विचार केला, की गोष्ट आहे तशीच छापली तर कुणाचं काय बिघडणार? युडिथबाई आजोबांच्या अभिमानात सुखाने जगतायत, त्यांचा आजोबा पोथीसाठी उतरला होता, तो आपण कशाला ताटल्यांसाठी उतरवायचा? हाच युक्तिवाद ओव्हरगोरने बापाबद्दल केला होता. मोगेन्सने त्याला तेव्हा 'दयेचा बुरखा घातलेली भित्रेगिरी' म्हटलं होतं. ते वाक्य त्याला फार आवडलं होतं, म्हणून पाठही होतं. बस वळणावर कलली की मांडीवर खणखण व्हायची आणि समोरची बाई बघायची.

युडिथच्या घराचं दार अर्धवट उघडंच होतं. ऑक्टोबरचा समुद्रावरचा वारा सरळ आत शिरत होता. मोगेन्सने तरी कडी वाजवली.

"ये आत, दार उघडं दिसत नाही का?" सत्तरीची युडिथ टेबलाशी बसली होती. अंगात पुरुषी जाड कोट, बाह्या दुमडलेल्या. उपासाआधीच्या जेवणाची ताटं मांडून ठेवलेली. "अरे, तू तर टीव्हीवाला लेव्हिसोन! हातात काय? विकायला आलायस की काय?"

"नाही, म्हणजे, मी एक... आमच्या आजोबांविषयी..." दोन मंत्र्यांना घाम फोडणारा मोगेन्स दारातल्या पायपुसण्यावर उभा राहून चाचरत होता. शेवटी त्याने पेटी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. दोन पेट्या, दूधवाला, थेंब देऊन झोपवलेलं बाळ, ताटल्या. सांगताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. मधे एकदा 'त्या काळची परिस्थिती' असा शब्द आला, तो त्याने गिळला.

त्याने वर पाहिलं तर युडिथ हसत होती.

"म्हणजे ताटल्या होत्या होय! आजोबा म्हणायचे, वाट्या असतील नाहीतर पातेली. ताटल्या! हे त्यांना हवं होतं कळायला."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पोथी कधी खणखण वाजते का रे? इसाक होडीत चढला तेव्हाच आजोबांनी ऐकलं."

"पण मग ते उतरले का? पोथीसाठीच तर..."

युडिथने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं शाळेतल्या बाई ढ मुलाकडे बघतात. "तू काही शिकलायस की नाही? जीव आधी, पोथी नंतर. हा तर पहिला धडा. आत खरी पोथी असती ना, तर आजोबांनी ती स्वतःच्या हातानं समुद्रात टाकली असती आणि तिच्यासाठी शोक पाळला असता, पण जागेवरून हलले नसते. पोथीसाठी जागा सोडणं त्यांना पापच वाटलं असतं. ते म्हणायचे, 'मी पाहिलं, मांडीवर निळं पडलेलं पोर, आणि बाप देवाच्या नावावर खोटं बोलतोय. इसाकसारखा भित्रा माणूस असं खोटं कधी बोलेल? तर पेटीत पोरासाठी काहीतरी असेल तेव्हाच.' म्हणून उतरले."

मोगेन्स खुर्चीत बसला. कोणी बस म्हटलेलं नव्हतं. ते निळं पडलेलं पोर मोठं झालं, त्याचं लग्न झालं, त्याला मुलगा झाला, आणि त्या मुलाने गळा दाटून आणून टीव्हीवर गोष्ट सांगितली. चारशे पानं लिहून जे त्याला कधी जमलं नव्हतं, ते मेंडेल पिंकसने काळोखात एका खणखणाटावरून ओळखलं होतं.

"मग मेंडेलनी त्या सणाला इसाक आजोबांना का विचारलं, पोथी पोचली का म्हणून?"

"खरं बोलायची संधी दिली रे त्याला! आणि तो म्हणाला, पोचली." युडिथचं हसू मावळलं. "छावणीचा राग त्यांनी कधी धरला नाही. धरला तो ह्या एका गोष्टीचा. दर वर्षी उपासाच्या आदल्या दिवशी दार उघडं ठेवून बसायचे. आजी ओरडायची, थंडी येतेय. म्हणायचे, 'इसाक येईल.' इसाक काही आला नाही. दर हिवाळ्याला एक नवा कोट मात्र शिवून पाठवायचा, फुकट. कपाट भरलं आमचं. आजोबा म्हणायचे, 'ह्या माणसाला दोन शब्द बोलण्यापेक्षा दोन बाह्या शिवणं सोपं जातं.' हा बघ, त्यातलाच." तिने कोटाची बाही पुढे केली. टाके बारीक आणि सरळ होते.

"आजोबा गेले त्या वर्षी मला म्हणाले, 'मी इसाकला होडीतून उतरतानाच माफ केलंय. पण त्यानं मागायला हवी. मागितल्याशिवाय देऊ नकोस. तो नाही आला तर त्याचं कोणीतरी येईल.' म्हणून मीही दर वर्षी बसते दार उघडं टाकून. डॉक्टर म्हणतो, छातीत कफ कशानं होतो? काय सांगू त्याला?"

बाहेर दिवस कलायला लागला होता. युडिथने ताटावरचा रुमाल सारखा केला आणि हात मांडीवर ठेवले.

"गोष्ट सांगून झाली तुझी. आता माग."

मोगेन्सने घसा साफ केला. "जर आमच्या कुटुंबाकडून तुमच्या भावना दुखावल्या गेल्या असतील, तर..."

आणि तो थांबला. तोच मंत्री, तेच वाक्य, तोच 'जर'. ह्या 'जर'वर त्याने अकरा पानं लिहिली होती, आणि आपल्यावर पाळी आली तेव्हा तोंडातून पहिला तोच निघाला. त्याला हसू फुटलं. मग ते हसू कुठेतरी अडकलं, आणि त्याला आजोबा दिसले, शिलाईच्या यंत्रावर वाकलेले, तोंडात टाचण्या धरलेले, दर हिवाळ्याला.

"हे नको," युडिथ हळूच म्हणाली. "पुन्हा सांग."

"मेंडेल उतरले आणि आम्ही गेलो," मोगेन्स म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता, आणि ह्या वेळी बघायला कोणी कॅमेरा नव्हता. "मग त्यांच्या तोंडावर आम्ही खोटं बोललो. आजपर्यंत बोलत आलो. आमचं चुकलं. मला माफ करा."

टेबलाला धरून युडिथ उठली, कोट सावरत दाराशी गेली आणि तिने दार लावून घेतलं. मग परत येऊन तिने पेटी उघडली, निळ्या काठाच्या दोन ताटल्या काढल्या, पदराने पुसाव्यात तशा कोटाच्या बाहीने पुसल्या आणि टेबलावर मांडल्या.

"वल्हांडणाच्या आहेत त्या," मोगेन्स घाबरून उठत म्हणाला. "ब्रेड चालणार नाही त्यांच्यात."

"चालेल," युडिथ म्हणाली. "सूप आहे. बस."